गोळ्यांचं मडकं

मला आयुष्यात एकदाच शाल-श्रीफळ मिळालं, आणि तेही माझ्या एका चुकीबद्दल. नारळाची आम्ही चटणी केली. शाल अजून आहे. टेबलावर तिची घडी पसरून मी सकाळी शर्टाला इस्त्री करतो. सत्काराच्या शाली अंगावर घ्यायच्या कामाच्या नसतात, हे कापडाच्या धंद्यात असल्यामुळे मला आधीच माहीत होतं.

पुलगावातली आम्ही काही व्यापारी घरं मिळून दरवर्षी हिवाळ्यात हिंगणीजवळ निसर्गोपचाराचं शिबिर भरवतो. बोर धरणाच्या अलीकडे एका ओळखीच्याचा संत्र्यांचा मळा आहे, तिथे सात दिवस मांडव पडतो. पोटावर मातीच्या पट्ट्या, दुधीचा रस, उन्हात बसणं आणि संध्याकाळी व्याख्यान. याला माझी काही हरकत नाही. सात दिवस दुकान, मोबाइल आणि तर्री-पोहे यांच्यापासून लांब राहिलं तर कोणालाही बरं वाटेल. त्याचं श्रेय दुधीने घ्यावं का, हा दुधीचा प्रश्न. माझी हरकत आहे ती शेवटच्या दिवसाला. त्या दिवशी आंब्याच्या झाडाखाली एक मडकं मांडतात, त्याला हळदकुंकू लावतात आणि शिबिरार्थी एकेक करून आपल्या गोळ्यांच्या पट्ट्या त्यात टाकतात. याला 'गोळी-विसर्जन' म्हणतात. टाळ्या, शाल, नारळ, फोटो. मग मडकं पुरतात. शिबिराचा अध्यक्ष माझा थोरला भाऊ आहे. चार वर्षांपूर्वी त्या मडक्यात मी माझ्या मनाच्या आजाराच्या गोळ्या टाकल्या.

आजार आला तेव्हा त्याचा गाजावाजा काही नव्हता. एक बाई पोलक्याचं कापड मागत होत्या. मोतिया रंगाचं. ते माझ्या मागच्या फळीवर होतं, हात लांबवला असता तर मिळालं असतं. पण मला हात लांबवायचं ठरवता येईना. त्या बाईंनी दोनदा विचारलं, मग त्या शेजारच्या दुकानात गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मी गल्ला बायकोकडे दिला आणि मागच्या गोदामात थानांच्या आडोशाला स्टुलावर बसू लागलो. तसे चार महिने गेले. हातात पुस्तक असायचं, त्यामुळे लोकांना वाटायचं मी वाचतोय. पान मात्र तेच असायचं.

दादा रोज यायचा. माझ्या दुकानासमोरच त्याचं धान्याचं दुकान आहे. त्याचं म्हणणं एकच होतं. "तुले काय कमी हाय? दुकान हाय, घर हाय, बायको भेटली थे बी समजदार. उदास कायले राह्यतं?" मी त्याला उत्तर देत नसे, कारण प्रश्न रास्त होता आणि मलाही तोच पडलेला होता. त्याने मला एक गुरुवार उपाशी ठेवलं, एक गंडा बांधला, सकाळी पाच मैल चालवलं. शेवटी बायकोने कोणालाही न विचारता मला पॅसेंजरमध्ये बसवलं आणि वर्ध्याला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी भाषण केलं नाही, यानेच मी निम्मा त्यांचा झालो. गोळी लिहून दिली. दोन-तीन आठवडे काही कळणार नाही, मधेच सोडू नका, आणि शेजारच्या खोलीतल्या मॅडमना दर गुरुवारी भेटा, एवढं सांगितलं. मॅडम म्हणजे समुपदेशक, वय तिशीचं. मी मनात हसलो. तीस वर्षं मी बोलण्यावर जगलो आहे. जांभळं नको म्हणणाऱ्या बाईला जांभळंच लुगडं घेऊन घरी पाठवलं आहे. मला बोलून बरं करणार, म्हणजे हलवायाला पेढा भरवणं झालं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, सकाळी जाग आल्यावर मनात पहिल्यांदा काय येतं? मी जगण्याच्या निरर्थकतेवर चांगली पाच मिनिटं बोललो. बोलणं छान जमलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे वाचलेलं झालं. तुमचं काय येतं?"

मी म्हणालो, "शटर."

दुकानाचं शटर वर केलं की लोक दिसतात, आणि लोक दिसले की ते काहीतरी मागतात. एवढंच होतं. त्यांनी पहिल्या आठवड्याचं काम दिलं: शटर गुडघ्यापर्यंत उचलायचं आणि सोडून द्यायचं. दुकान उघडायचं नाही. पुढच्या आठवड्यात कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. ऐकायला हा पोरखेळ वाटतो. मलाही वाटला होता, आणि गोळीने हातापायांत थोडा जीव आला नसता तर तोही मी खेळलो नसतो. एकदा मी त्यांना विचारलं, बरं वाटतंय ते गोळीने की तुमच्यामुळे? त्या म्हणाल्या, "गोळीने तुम्ही उठता. उठून कुठे जायचं ते आपण इथे ठरवतो. श्रेय कोणाचं ते बरे झाल्यावर भांडून ठरवू." अडीच महिन्यांनी शटर पूर्ण वर गेलं, आणि मोतिया रंगाचं कापड मी स्वतः उतरवून दिलं. दुसऱ्या बाईंना.

इथे मी चूक केली, आणि ती अगदी कापडवाल्याची चूक होती. आमच्या धंद्यात माल हंगामावर भरतात. लग्नसराई आली की थानं मागवायची, आषाढ लागला की हात आखडायचा. गिऱ्हाईक नसताना माल भरून ठेवणारा मूर्ख. मी गोळ्यांनाही तोच नियम लावला. मन ठीक असेल त्या दिवशी गोळी नाही. पडेल त्या दिवशी एक, फारच पडलं तर दोन. गुरुवारही असेच गळले. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही, कारण धंद्याचं गुपित कोणी सांगतं का? आणि अशा उरलेल्या पट्ट्या खिशात असतानाच दादा मला शिबिरात घेऊन गेला. शेवटच्या दिवशी माझं नाव पुकारलं. चार लोकांत नाही म्हणणं मला तेव्हा जमलं नाही. पट्ट्या मडक्यात गेल्या, शाल खांद्यावर आली. दादाचे डोळे भरून आले होते, हेही सांगितलं पाहिजे.

महिनाभरात शटर खाली यायला लागलं. खांद्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. ज्या क्रमाने वर गेलं होतं त्याच क्रमाने. शेवटचे आठ दिवस ते गुडघ्याशी होतं आणि मी स्वतःच्या दुकानात खालून रांगत जात होतो. वडनेरकडचे एक म्हातारे, जुने गिऱ्हाईक, धोतरजोडीसाठी आले. तेही बिचारे रांगतच आत आले आणि हात झटकत म्हणाले, "भाऊ, दुकान चालू हाय का बंद?"

"मले बी समजून नाई राह्यलं," मी म्हणालो. त्यांनी धोतरजोडी घेतली, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि बाहेर जाऊन शटर पूर्ण वर ढकललं. मग माझ्या बायकोला हाक मारली.

पुन्हा पॅसेंजर, पुन्हा वर्धा. डॉक्टर रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, गोळी बंद करायची वेळ येते, पण ती एकेक पायरी उतरत येते आणि ती वेळ मी सांगेन. त्यांनी शेजारच्या खोलीत मॅडमना फोन केला आणि माझ्यासमोरच दोघींनी माझा पुढचा महिना ठरवला. मला बरं वाटलं. माझ्याविषयी माझ्यासमोर बोलणाऱ्या त्या पहिल्याच दोघी. त्यानंतर गोळी सकाळी चहाबरोबर, रोज, मन कसंही असो. आणि गुरुवार म्हणजे गुरुवार.

हे सगळं दादाला माहीत होतं. पण शिबिराच्या फ्लेक्सला माहीत नव्हतं. दर हिवाळ्यात स्टेशन रोडवर तो लागे: शाल पांघरलेला मी, हात जोडलेले, खाली मोठ्या अक्षरांत 'औषधमुक्त!' फ्लेक्स नेमका औषधांच्या दुकानासमोर. मी दर महिन्याला तिथे गोळ्या घ्यायला उभा राही आणि दुकानदार माझ्या डोक्यावरून समोर पाहून म्हणे, "फोटो मस्त आला भाऊ. पट्ट्या दोन देऊ का तीन?"

मी ते हसण्यावारी नेत राहिलो. मागच्या हिवाळ्यात मात्र ते हसण्यावारी नेता येईना.

दादाची सून, वडनेरच्या शेतकरी घरची मुलगी, बाळंत होऊन तीन महिने झाले होते. ती बाळाला आंघोळ घालत नसे. पाण्याची बादली दिसली की बाळाला दुसऱ्याच्या हातात देऊन आत जाऊन बसे. घरात म्हणायचे, आळशी आहे, शिकलेली आहे ना. माझ्या बायकोला मात्र ते बसणं ओळखीचं वाटलं. ती तिच्याजवळ जाऊन बसली. दोन दुपारी नुसती बाळाची दुपटी घडी करत राहिली, तिसऱ्या दुपारी मुलीने सांगितलं: पाणी दिसलं की बाळ माझ्याच हातून त्यात पडेल असं चित्र डोळ्यांपुढे येतं, आणि मी आई नाही, कसाई आहे असं वाटतं.

माझी बायको तिला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. अंगावर पाजते आहे हे ध्यानात घेऊन त्यांनी गोळी दिली आणि शेजारच्या खोलीत मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी तिला सांगितलं की असा विचार येणं आणि तसं करणं यांत फार अंतर आहे. पुष्कळ आयांना तो येतो, त्या सांगत नाहीत एवढंच. मग तिलाही पायऱ्या दिल्या. आधी कोरड्या टबात बाळाला ठेवायचं. मग दोन मग पाणी, माझी बायको शेजारी. मग चार मग, ती दाराशी. दोन महिन्यांनी एका सकाळी दादाच्या मागच्या अंगणातून बाळाचं रडणं आणि तिचं हसणं एकदमच ऐकू आलं. तिने एकटीने आंघोळ घातली होती.

त्याच आठवड्यात दादाने जाहीर केलं की यंदा शिबिरात सूनबाई गोळ्या विसर्जित करणार. अध्यक्षाच्या घरातूनच उदाहरण हवं. शिवाय माझं 'अनुभव कथन' ठेवलं होतं. मुलीचा नवरा, म्हणजे माझा पुतण्या, तिथेच उभा होता. पण बापासमोर त्याचा आवाज निघत नाही. मी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं?

ती म्हणाली, "मले नाई टाकाच्या काकाजी. पण मामाजींले नाई कसं म्हणू? थे बाळाचे आजोबा होत."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझा दादा. मी त्याच्या दुकानात गेलो. तुरीच्या पोत्यावर बसलो आणि सरळ सांगितलं की मुलीच्या गोळ्या बंद केल्या तर ती पुन्हा बादली पाहून पळेल, आणि त्या वेळी बाळ तुझ्या हातात असेल. तो बराच वेळ तूर चाळत राहिला. मग म्हणाला, "आत्या याद हाय तुले?"

मला पुसटशी आठवते. मी चार वर्षांचा होतो. तिला मनाच्या आजारासाठी नागपूरला इस्पितळात नेलं होतं, आणि तिची पेटी उचलायला सोळा वर्षांचा दादा गेला होता.

"गोळ्या देऊन बरी करतो म्हणले. अन् आली थे फोटोतच आली," दादा म्हणाला. "आपल्या घरात आता कोणी गोळ्या खाऊन नाई राह्यलं, हे मले लोकायले दाखवाचं हाय. तुले समजत नाई."

मला समजत होतं. म्हणूनच मी जास्त चिडलो. मी म्हणालो, "दादा, तू भीत आहेस याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुझ्या भीतीची किंमत त्या पोरीने मोजायला नको."

"शिबिरात येजो," तो म्हणाला. "अन् चांगलं बोलजो."

मी गेलो. दीपप्रज्वलनात समईच्या तीन वाती वाऱ्याने विझल्या आणि तीन मान्यवरांनी त्या पुन्हा लावल्या, म्हणजे एकूण सहा फोटो झाले. सूत्रसंचालकाने माझी ओळख 'आपले मिश्कील भाऊ' अशी करून दिली. तिथेच घोटाळा झाला. मी म्हणालो, तीन वर्षांपूर्वी मी या मडक्यात गोळ्या टाकल्या आणि दीड महिन्यात दुकानात रांगत जाऊ लागलो. मांडव हसला. मी म्हणालो, आता मी रोज सकाळी चहाबरोबर गोळी घेतो. आणखी हसला. मी खिशातून पट्टी काढून दाखवली. टाळ्या पडल्या. तीस वर्षं मी या लोकांना हसवत आलो होतो, त्याची परतफेड ते करत होते. पहिल्या रांगेत मुलगी बाळाला घेऊन बसली होती. ती हसत नव्हती. तिच्या मुठीत तिची पट्टी होती.

मी थांबलो. हसू ओसरू दिलं. मग जितकं सपाट बोलता येईल तितकं सपाट बोललो.

"मी विनोद करत नाही. मी आजारी होतो. गोळ्या सोडल्या म्हणून पुन्हा आजारी पडलो. आता गोळी घेतो आणि दर गुरुवारी वर्ध्याला एका बाईंसमोर बसून बोलतो. मला दोन्ही लागलं. एकात भागलं असतं तर दुसरं केलं नसतं, मी दुकानदार आहे." हे शेवटचं निघूनच गेलं तोंडातून, पण या वेळी कोणी हसलं नाही. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय आज कोणी या मडक्यात काही टाकू नका. स्टेशन रोडवरचा फोटो खोटा आहे."

सूत्रसंचालकाने माइक माझ्या हातातून हळूच घेतला आणि भाऊंनी आपल्या खास शैलीत विचार मांडले असं सांगून पुढचा कार्यक्रम पुकारला. दादा माझ्याकडे न पाहता मडक्याजवळ गेला, ते दोन्ही हातांनी उचललं आणि पहिल्या रांगेसमोर जाऊन उभा राहिला. "ये सूनबाई."

ती उठली. बाळाला कडेवर घेतलं. ती मडक्यापर्यंत गेली. मग म्हणाली, "बाळाले जरा घ्या ना मामाजी."

एवढ्या लोकांत नातवाला नाही कोण म्हणेल? दादाने मडकं खाली जमिनीवर ठेवलं आणि बाळ घेतलं. तिने पट्टी पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि परत येऊन आपल्या खुर्चीवर बसली. बाळाने अध्यक्षांच्या छातीवरचा बिल्ला पकडला आणि तोंडात घालायला ओढू लागलं. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे अध्यक्षांना काही करता येईना. तेवढ्यात एक निवृत्त बँकवाले, ज्यांनी माझ्या भाषणाआधीच टाळ्या घेऊन आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या मडक्यात टाकल्या होत्या, ते वाकले, मडक्यात हात घातला, आपली पट्टी शोधून काढली आणि खिशात ठेवली. शाल मात्र त्यांनी अंगावरच ठेवली.

परतीच्या वाटेवर दादा वेगळ्या गाडीत बसला. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. मधल्या काळात समितीचं पत्र आलं. वीतभर लेटरहेडवर चार ओळींचा ठराव होता: सदर सत्कारमूर्तींचा सत्कार मागे घेण्यात येत असून शाल परत करावी. मी लेखी उत्तर दिलं की शालीवर इस्त्रीचा डाग पडला आहे आणि वापरलेला माल परत घेऊ नये, अशी आमच्या दुकानाची जुनी रीत आहे. फ्लेक्स मी स्वतः शिडी लावून उतरवला. औषधवाल्याने शिडी धरली. आता तो गोदामाच्या पत्र्यावर आहे, माझं तोंड खाली करून.

त्या गोदामात, जिथे मी चार महिने एकच पान वाचत बसलो होतो, दर गुरुवारी दुपारी मुलगी मोबाइल घेऊन बसते. मॅडम तिच्याशी आता फोनवरच बोलतात, आणि दादाच्या घरात दार लावून बोलण्याची सोय नाही. स्टूल मी तिला बदलून खुर्ची दिली आहे. माझी गोळी डॉक्टरांनी या उन्हाळ्यात निम्मी केली आणि वर्ध्याची फेरी महिन्यातून एकाच गुरुवारवर आणली. पुढे बंद होईल, कदाचित होणार नाही. ते त्यांच्या खोलीत ठरेल. यंदा मडकं मांडणार का, मला माहीत नाही. मांडलं तर मी जाणार आहे, आणि बोलावलं नाही तरी बोलणार आहे.

मागच्या गुरुवारी गोदामाचं दार बंद होतं आणि बाळ माझ्या मांडीवर टाहो फोडत होतं. समोर दोन गिऱ्हाईकं. एकाने विचारलं, आत कोण आहे? मी म्हणालो, आमची सून आहे, डॉक्टरांच्या मॅडमशी बोलते आहे, मनाच्या आजारासाठी. त्याने मान हलवली आणि टॉवेल पाहू लागला.

रस्त्यापलीकडून दादा उठून आला. हे सगळं त्याला ऐकू गेलं असणार. मी हळू बोललो नव्हतो. त्याने बंद दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दे इकडे," तो म्हणाला. "तुले धरता नाई येत."

आणि बाळाला खांद्यावर टाकून, दार उघडेपर्यंत तो माझ्याच दुकानात येरझाऱ्या घालत राहिला.